वेताळाच्या मुखवट्याला डोळे केवढे?

बेळगावच्या शहापुरात आमच्या ओळखीचे एक शिंपी आहेत. शाळांच्या गॅदरिंगचे झगे, हौशी नाटकांचे अंगरखे, गणपतीच्या देखाव्यातल्या मावळ्यांचे पोशाख, सगळं त्यांच्याकडे शिवून होतं. गेल्या पावसाळ्यात माझा भाचा त्यांच्यापुढे तीन मीटर जांभळं कापड टाकून बसला. त्याला आणि त्याच्या कॉलेजातल्या चौघा दोस्तांना वीस मिनिटांची फिल्म करायची होती, वेताळाची. काकांनी कापड ताणून बघितलं, टेप गळ्यात टाकली आणि म्हणाले, "डोळ्यांची भोकं केवढी ठेवू ते आधी सांग. ल्हान ठेवली तर तुला दिसायचं नाही. मोठी ठेवली तर वगातला दरोडेखोर दिसशील. ठेवतो की मी, खरं मागनं माझ्या नावानं बोंबलू नको."

(आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी गोंधळू नये.)

मी शेजारच्या स्टुलावर चहा पीत होतो. मला हसू आलं, कारण कोट्यवधी डॉलर हाताशी असलेल्या स्टुडिओंनाही काकांचा हा प्रश्न अजून नीट सुटलेला नाही. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचा मुखवटेवाला नायक आजच्या पडद्यावर आणायचा म्हणजे काय काय करावं लागतं, हे भाच्याला समजावता समजावता माझ्याही डोक्यात जे जुळत गेलं, ते इथे लिहितो.

ज्यांचं बालपण १९९० नंतरचं, त्यांच्यासाठी आधी ओळख. वेताळ म्हणजे इंग्रजीतला फँटम. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १७ फेब्रुवारी १९३६ रोजी तो वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत आणला. १५३६ साली चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एकजण जंगलाच्या किनाऱ्याला वाहत येतो. बापाच्या मारेकऱ्याची कवटी हातात घेऊन तो शपथ वाहतो की मी आणि माझे वंशज चाचेगिरी आणि अन्यायाशी लढत राहू. बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, मग त्याचा मुलगा. बाहेरच्या जगाला वाटतं, हा एकच माणूस चारशे वर्षं जिवंत आहे. आपण वाचला तो एकविसावा. भारतात टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं, ते वेताळाच्याच अंकाने. आमच्या गल्लीच्या तोंडाला एक पानपट्टीवाला हे अंक सुतळीवर चिमट्याने लटकवून ठेवायचा आणि भाड्याने द्यायचा. पान दुमडलं तर दंड. कवटीच्या अंगठीचा ठसा गुंडाच्या हनुवटीवर उमटला की आम्ही आपापल्या मुठी तपासायचो.

भाच्याच्या एका मित्राच्या वडिलांनी पोरांना बजावलं होतं, "काय करायचं ते करा, मूळ वेताळ बिघडवू नका." इथेच खरी गुंतागुंत सुरू होते. मूळ कुठला?

फॉकने पट्टी सुरू केली तेव्हा त्याच्या डोक्यात होता शहरातला एक श्रीमंत, ऐदी तरुण. दिवसा पार्ट्या, रात्री मुखवटा. पहिलीच गोष्ट चालू असताना त्याचा विचार फिरला आणि त्याने नायकाला उचलून जंगलात नेलं. पोशाख त्याला राखाडी हवा होता. पट्टी काळ्या-पांढऱ्या रंगात छापली जायची तोवर कुणाला काही फरक पडला नाही. मे १९३९ मध्ये रविवारची रंगीत पुरवणी सुरू झाली आणि पोशाख जांभळा छापला गेला. इटलीत तोच लाल छापला गेला, स्वीडन-नॉर्वेकडे निळा. तिथली माणसं आपापला रंग खरा मानून म्हातारी झाली. वेताळाचा देशही आधी आशियाच्या बाजूला होता, पुढे आफ्रिकेत सरकला. त्या देशाचं मूळ नाव बंगालची आठवण करून देणारं आणि पहिल्या गोष्टीतले चाचे 'सिंग' टोळीचे. मुंबईत बसलेल्या संपादकांनी ओळखलं की हे इथे असं चालणार नाही. देशाचं नाव झालं डेंकाली आणि सिंगचे झाले सिंगा. आम्ही जो वेताळ 'मूळ' म्हणून छातीशी धरला, त्याचं नाव, गाव आणि शत्रू आमच्यासाठी आधीच बदलून ठेवलेले होते. आम्हाला पत्ताही नव्हता आणि मजाही कमी आली नाही.

तेव्हा 'मूळ राखा' हा सल्ला बिनकामाचा. त्यापेक्षा घर दुरुस्त करणाऱ्या सुताराला विचारावं. जुन्या घराची कौलं बदलतात, दारं बदलतात, तुळईला हात लावायच्या आधी मात्र तो चार वेळा ठोकून बघतो. नायकाच्या गोष्टीतली तुळई कुठली, हे शोधायला एकेक वस्तू काढून बघायची.

वेताळाचा जांभळा रंग काढा. लाल वेताळ उभाच आहे. जंगल काढा. १९९४ साली एक अमेरिकन कार्टून मालिका आली, तिने गोष्ट २०४० सालच्या काचेच्या महानगरात नेली, चोविसावा फँटम दाखवला, तरी तो फँटमच वाटला, कारण बापाचा वारसा मुलाकडे येण्याची गोष्ट तिथे शाबूत होती. आता वारसा काढून बघा. उरतो तो घट्ट कपड्यातला एक दणकट माणूस, आणि तसे तर तालमीत पैशाला पासरी. २००९-१० च्या सुमारास दूरचित्रवाणीसाठी फँटम थेट आजच्या काळात आणला गेला. जांभळा पोशाख बाजूला ठेवून त्याला आधुनिक चिलखतासारखा सूट दिला आणि बरीचशी ताकद त्या सुटातच ठेवली. माझ्या मते सुताराने इथे तुळईला करवत लावली. ताकद जर सुटात असेल तर एकवीस पिढ्यांनी घासून घेतलेलं अंग कशाला हवं? सूट कुणीही घालेल.

हे नीट जमलेलं उदाहरण झोरोचं. झोरो फँटमहून जुना, १९१९ सालच्या एका मासिकातल्या कथेतला. १९९८ च्या चित्रपटात म्हातारा झालेला झोरो एका फाटक्या चोराला तालीम देतो आणि मुखवटा त्याच्या हवाली करतो. नायक जुना झालाय, ही जी अडचण, तिचीच गोष्ट केली. मी स्वतः तो चित्रपट तीन वेळा पाहिला आहे आणि प्रत्येक वेळी तालमीचाच भाग जास्त आवडला.

आता काकांच्या भोकांकडे येऊ. कागदावर वेताळाच्या मुखवट्यात बुबुळंच नसतात, नुसती पांढरी फट. फॉक म्हणायचा की ग्रीक पुतळ्यांना बुबुळं नसतात, त्यावरून हे सुचलं. चित्रात ही युक्ती जबरदस्त चालते, कारण तो कुठे बघतोय हे कळत नाही आणि म्हणून भीती वाटते. पडद्यावर तेच करून बघा. नट डोळ्यांनी बोलतो. डोळे झाकले की समोर भुताचं सोंग उरतं. डोळे उघडे ठेवले की ओळखीचा नट दिसतो आणि प्रेक्षक मनात म्हणतो, अरे, नायिकेला हा ओळखू येत नाही म्हणजे कमाल आहे. चौकटीत रेषेने काढलेला घट्ट पोशाख त्वचेसारखा भासतो. खऱ्या माणसाच्या अंगावर त्याला सुरकुत्या पडतात, गुडघ्याला पोतं होतं, चेन दिसते. १९९६ च्या हॉलिवूडपटात बिली झेनने फँटम केला, त्याच्या जांभळ्या कापडावर आदिवासी गोंदणासारखी नक्षी छापली होती, म्हणजे नुसतं सपाट कापड दिसू नये. नटाने मेहनतही भरपूर घेतली होती. खर्च सुमारे साडेचार कोटी डॉलर झाला, अमेरिकेत तिकीटबारीवर पावणेदोन कोटींच्या आसपास जमले.

तो चित्रपट पडला याचं खापर लोक जांभळ्या रंगावर फोडतात. मला ते पटत नाही. त्याने काळ १९३८ चाच ठेवला आणि नायकही तेव्हाचाच ठेवला, सरळ, हसरा, शंका नसलेला. काळ जुना ठेवायला काहीच हरकत नाही, उलट मोबाइल आणि सीसीटीव्हीची कटकट वाचते. पण आजच्या प्रेक्षकाला जुना काळ दाखवताना आज ठाऊक असलेलं काहीतरी त्यात हवं, नाहीतर आजोबांचा अल्बम पाहिल्यासारखं होतं. छान आहे, पुढचं पान उलटा.

काळ आजचा घ्यायचा तर मुखवट्याचं कामच बदलतं. १९३६ साली तोंड झाकलं की माणूस नाहीसा व्हायचा. आज भाच्याच्या खिशातला मोबाइल त्याच्या तोंडापेक्षा जास्त चुगली करतो. शिवाय तोंड झाकलेल्या माणसाचं कुणाला काही वाटतच नाही. कोरोनात सगळं गाव मास्कमध्ये होतं, आणि भर उन्हाळ्यात टिळकवाडीतून डोळ्यांपुरती फट ठेवून स्कार्फ बांधलेल्या मुली स्कूटरवरून जातात, त्यांना कुणी फँटम म्हणत नाही. पोरांनी यावर तोडगा काढला, जांबोटीच्या पुढे कणकुंबीकडे जिथे फोनची रेंज जाते तिथेच गोष्ट घडवायची. बरा आहे. खानापूरचं जंगल, पाऊस आणि बंद फोन, एवढ्यात अर्धी भीती फुकट मिळते.

पण आमच्या भागात एक अडचण आहे, जी अमेरिकेतल्या कुणाला कधी सुचली नसेल. तोंड झाकता येतं, बोली झाकत नाही.

पोरांनी मुखवटा घालून एक सीन मोबाइलवर करून पाहिला. वेताळ झाडामागून येतो, लाकूडचोर दचकतो, विचारतो, "कोण रे तू?" भाचा खर्जात म्हणाला, "मी वेताळ हाय." सगळे फुटले. हा वडगावचा, की अनगोळचा, की निपाणीकडचा, ते या तीन शब्दांत कळलंच. मग त्याने छापील मराठीत "मी वेताळ आहे" म्हणून पाहिलं, तर तो आकाशवाणीचा निवेदक वाटायला लागला. लाकूडचोर झालेला मुलगा घरी कानडी बोलतो. त्याने चिडून कानडीतच विचारलं, "यारप्पा नीनू?" (म्हणजे 'कोण बाबा तू?') आणि गंमत म्हणजे पहिल्यांदाच सीन खरा वाटला. बेळगावात माणसं अशीच बोलतात. भाजी घेताना कानडी, पैसे देताना मराठी, भांडताना हिंदी. मग मुखवटेवाल्याने कुठल्या भाषेत बोलायचं? मराठीत बोलला की एका बाजूचा झाला, कानडीत बोलला की दुसऱ्या. अमेरिकन वटवाघूळवाला आवाज घोगरा करून सुटतो. आमच्या वेताळाला ती सोय नाही. शेवटी ठरलं की तो बोलणारच नाही. पन्नास संवाद छाटले गेले आणि फिल्म सुधारली.

आता सगळ्यात अवघड गाठ. वेताळाच्या गोष्टीत गोरा माणूस कवटीच्या सिंहासनावर बसतो आणि जंगलातले काळे लोक त्याच्या भोवती उभे राहतात. लहानपणी हे आम्हाला खटकलं नाही, आम्ही स्वतःला सिंहासनावर बसलेलं समजायचो. आज गुरनच्या जागी उभं राहून बघितलं की चित्र वेगळं दिसतं. हा बांदार टोळीचा प्रमुख, वेताळाचा लहानपणापासूनचा मित्र, विषारी बाणांचा जाणकार, सगळी गुपितं याच्याकडे, आणि नाव कायम दुसरं. फॉकलाही हे पुढे जाणवलं असावं. १९६० नंतरच्या गोष्टींत त्या देशाला लामांडा लुआगा नावाचा लोकांनी निवडलेला राष्ट्राध्यक्ष आहे, आणि वेताळ त्याच्या बाजूने उभा राहतो. पण सिंहासन हललं नाही.

जुन्या नायकांची ही जोडीदाराची गाठ सगळीकडे आहे. ग्रीन हॉर्नेट हा १९३६ चाच, रेडिओवरचा. त्याचा साथीदार केटो गाडी चालवतो, हाणामारी करतो, आणि श्रेय मालकाचं. रेडिओवर तो आधी जपानी होता, पुढे फिलिपिनो झाला, राजकारणाचा वारा जसा फिरेल तसा. १९६६ च्या दूरचित्रवाणी मालिकेत केटो केला ब्रूस लीने, आणि हाँगकाँगच्या प्रेक्षकांनी त्या मालिकेला सरळ केटोची मालिका म्हणायला सुरुवात केली. आपण कुणाकडे बघायला आलोय हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. उलट २०१३ मध्ये लोन रेंजर या मुखवटेवाल्या घोडेस्वाराचा चित्रपट आला तेव्हा टोंटो या आदिवासी साथीदाराला भरपूर जागा मिळाली, पण काम दिलं जॉनी डेपला. वीस कोटी डॉलरच्या वर खर्चून चित्रपट आपटला, आणि टीकेचा मोठा भाग या निवडीवरच होता. जागा वाढवायची आणि माणूस आपलाच बसवायचा, हे लोकांना दिसतं.

माझ्या हातात वेताळाचा मोठा चित्रपट असता तर मी तो गुरनच्या तोंडून सांगितला असता. एकवीस पिढ्या या मुखवटेवाल्यांना लपवणारे, त्यांच्या थडग्यांची राखण करणारे, नव्या पोराला पोशाख देण्याआधी पारखणारे बांदार लोक. मुखवटा कुणाला द्यायचा ते जर त्यांच्या हातात असेल, तर सिंहासनावर बसलेला राजा न राहता नेमलेला चौकीदार होतो. वारशाची तुळई जागेवर, आणि भिंत दुसऱ्या बाजूने रंगवलेली.

कायदा हातात घेणारा नायक आज चालतो का, हा प्रश्न मी मुद्दाम थोडक्यात उरकतो, कारण त्यावर सगळेच बोलतात. रस्त्यावर जमाव न्याय करतो तेव्हा काय होतं ते आपण बातम्यांत बघतो. म्हणून मारणाऱ्यापेक्षा राखण करणारा नायक आज जास्त पटतो. पुरे.

पोरांना या सगळ्यात एका व्यवहाराच्या गोष्टीचा विचारच नव्हता. वेताळ कुणाच्या मालकीचा आहे? फँटमचे हक्क अमेरिकेतल्या किंग फीचर्स या कंपनीकडे आहेत. तिकडच्या कायद्याने त्या काळची कृती प्रसिद्ध झाल्यापासून ९५ वर्षं राखीव राहते, म्हणजे १९३६ च्या पट्ट्या २०३२ उजाडेपर्यंत मोकळ्या होत नाहीत, आणि नाव-चिन्हाच्या ट्रेडमार्कची भानगड त्याहून वेगळी. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे कुणाला रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांचा नायक काळापहाड पडद्यावर आणायचा असेल तर अर्नाळकर १९९६ मध्ये गेले, २०५६ संपेपर्यंत वारसांची परवानगी लागणार. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो. त्या हिशेबाने १९३५ चा 'हंटरवाली' केव्हाच मोकळा झाला. ती मुखवट्यातली, चाबूकवाली राजकन्या, वाडियांच्या स्टुडिओतली नादिया, फँटमच्याही एक वर्ष आधी मुंबईत घोड्यावर बसली होती. नव्याने आणायला यासारखी दुसरी नायिका नाही, पण पोरांकडे घोडा नव्हता.

भाचा हिरमुसला. म्हणाला, "मामा, मग वेताळ सोडूनच द्यायचा काय?"

मी म्हटलं, पोशाख सोड, कवटीची अंगठी सोड. वेताळ कशाला सोडतोस? तो फॉकच्या आधीपासून आपला आहे.

आमचे नातेवाईक घाटाखाली शिरोड्याला. लहानपणी आंबोलीमार्गे एसटीने जायचो तेव्हा आरवलीच्या वेतोबाला नेत असत. उंच, उभी मूर्ती, आणि पायाशी, भिंतीला, जिकडे बघाल तिकडे चामड्याच्या चपला. हातभर लांबीच्या. नवस फेडायला लोक केळ्याचा घड आणि चपलांचा जोड वाहतात. का? तर वेतोबा रात्री गावाची फेरी करतो आणि चालून चालून चपला झिजतात. आत्या मला एका जोडाचा तळ दाखवून म्हणाली होती, "बघ, टाच कशी खाल्लीय." मी बोट लावून पाहिलं होतं. टाच खरोखर झिजलेली होती, निदान मला तशी लागली.

इंद्रजालच्या मराठी अनुवादकाने फँटमला 'भूत' किंवा 'छाया' म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्याने वेताळ म्हटलं, आणि कोकणापासून आमच्या खानापूरपर्यंतच्या वाचकाला न सांगता कळलं की हा रात्री फिरणारा राखणदार आहे, मरत नाही, चेहरा महत्त्वाचा नाही, फेरी महत्त्वाची. (विक्रमाच्या पाठीवरचा बडबड्या वेताळ निराळा. आमच्या पिढीने दोघांची बेमालूम भेसळ करून घेतली होती.)

पोरांची फिल्म आता अशी आहे. मुखवटा नाही. चेहरा दिसतच नाही, कॅमेरा गुडघ्याच्या वर जात नाही. दिसतात त्या चपला, चिखलातून, पाचोळ्यातून, लाकूडचोरांच्या ट्रकच्या उजेडातून चालणाऱ्या. शेवटी झिजलेला जोड एका म्हातारीच्या ओट्यावर, आणि सकाळी तिची नात त्यात पाय घालून बघते. तिला त्या फार मोठ्या होतात.

चपला अथणीहून करून आणल्या. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, आमचा बेळगाव त्यातला एक, आणि अथणीचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात. भाच्याने चौदा इंचांचा जोड सांगितला तेव्हा कारागिराने मान वर न करता विचारलं, कुठल्या देवाला?

राहिलं ते जांभळं कापड. शिंपीकाकांनी तोवर एक बाही बेतून ठेवली होती. पोरगं खाली मान घालून उभं राहिलं. काकांनी कापड उलटसुलट करून पाहिलं, म्हणाले, "लायक्रा हाय हे. पोरींच्या नाचाला जाईल की. खरं बाहीची शिलाई देऊन जा."